तानपुऱ्याची गवसणी



यंदा जूनमध्ये आमच्या घरी एकाच विषयावर पंधरा दिवस बोलणे चालले होते. तानपुरा लातूरला न्यायचा की नाही? आणि न्यायचा तर कशात?

लेकीचा अकरावीचा प्रवेश लातूरच्या कॉलेजात झाला. लातूर पॅटर्न म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या आईला समजावून सांगायला नको. कॉलेज, क्लास, टेस्ट, पुन्हा क्लास, रात्री अभ्यास. "नांदेडला क्लास काय कमी आहेत का?" असे खूप जणींनी विचारले. कमी नाहीत. पण माझ्या नणंदबाई लातूरला आहेत, होस्टेलपासून चालत दहा मिनिटांवर. त्यांच्याकडून सूर्यास्ताआधी डबा मिळणार होता आणि मंदिरही वाटेवर होते. आपल्या घरातल्या मुलीला बाहेर ठेवताना या दोन गोष्टी जमल्या की निम्मी काळजी मिटते. म्हणून लातूर ठरले.

सामानाची यादी लेकीनेच केली. गादी, बादली, टेबल लॅम्प, पाण्याचे गाळणे, सामायिकाचे आसन, जपमाळ. यादीच्या अगदी शेवटी तिने बारीक अक्षरात लिहिले होते, 'तानपुरा'.

तिचे बाबा म्हणाले, "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतंय की." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ॲपला जागा लागत नाही, ते फुटत नाही, सूरही पक्का असतो. लेक म्हणाली, "बाबा, मला तिथं गाणं शिकायचं नाही. सकाळी पंधरा मिनिटं नुसता छेडायचाय." सासूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पोरगी एकटी चाललीया. संगं घरातलं कायतरी बोलणारं असू द्या."

मी त्या पंधरा मिनिटांचा विचार करत राहिले. ॲप लावून आपण भाजी निवडू शकतो, गणिते सोडवू शकतो. तानपुरा मांडीशी घेऊन छेडताना दुसरे काहीच करता येत नाही. चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. बसण्याआधी त्या जुळवाव्या लागतात, आणि जुळवायला ऐकावे लागते. आपण सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे बसतो, तेव्हा पहिली काही मिनिटे मन गोळा करण्यातच जातात ना? तसेच हे. दिवसभर स्पर्धेत पळणाऱ्या मुलीला रोज पंधरा मिनिटे नुसते ऐकत बसायचे असेल, तर आईने अडवायचे कशाला? तानपुरा जाणार, हे मी मनाशी ठरवले. आता तो धड कसा पोहोचेल हे बघायचे होते.

हा तानपुरा आम्ही चार वर्षांपूर्वी बाहुबली-कुंभोजची यात्रा करून येताना मिरजेत घेतला. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे सगळ्या देशात जातात. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही कला तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहे. ज्या शिकलगार घराण्यांनी ती रुजवली, त्यांचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. लढाया संपल्या, शस्त्रांचे काम कमी झाले, आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. ज्या हातांनी पाती पाजळायची, तेच हात तारा जुळवू लागले. अहिंसेवर इतके बोलतो आपण, पण इतके सरळ उदाहरण मला दुसरे आठवत नाही. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेतलाच, १९०५ चा. घरंदाज बाईने चारचौघांत गाऊ नये असा तो काळ. त्या काळात त्या तानपुरे घेऊन जाहीर मैफलीत गायल्या.

तानपुऱ्याचा भोपळा म्हणजे खराखुरा भोपळाच, कडू जातीचा. पंढरपूरच्या बाजूला शेतात पिकतो, वेलावरच मोठा होतो, मग वाळवून पोकळ करतात. आपल्या श्वेतांबर साधू-साध्वींना आगमात तीन प्रकारची पात्रे सांगितली आहेत, तुंब्याची, लाकडाची आणि मातीची. त्यातला हा तुंबा. वाळला की दिसायला दगडासारखा आणि धक्का लागला की अंड्यासारखा.

मिरजेहून लातूरला आम्ही तो रेल्वेने आणला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत. तुम्हाला आठवत असेल, एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना याच मार्गाने मिरजेचे पाणी आले होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकेका टाकीत पन्नास हजार लिटर. त्या वेळी तानपुऱ्याला पिशवी नव्हती. दुकानातली साधी कापडी खोळ, तिच्यावरून दोन वाकळी आणि माझी मांडी. घरातले चौघे सोबत होतो, आळीपाळीने धरून बसलो. पण लेक आता सुट्टीला एकटी ये-जा करणार. चौघांच्या मांड्यांचे काम एका पिशवीने करायला हवे होते.

वाद्याच्या या आवरणाला आपल्याकडे 'गवसणी' असा सुंदर शब्द आहे. आकाशाला गवसणी घालणे असे आपण सहज म्हणतो, पण गवसणी शिवायची वेळ आली की कळते, आकाश परवडले, भोपळा कठीण!

बाजारात तीन प्रकार दिसले. पहिली नुसती कापडी खोळ. ती धुळीपासून वाचवते, धक्क्यापासून नाही. दुसरी फायबरची कडक पेटी. विमानात सामानात टाकायचे असेल तर तीच हवी. पण ती इतकी जड की होस्टेलच्या जिन्यावरून एकट्या मुलीला नेता येणार नाही, आणि खोलीत तिला ठेवायचे कुठे? तिसरी आतून फोम भरलेली गादीची पिशवी. आमचे काम या तिसऱ्या प्रकाराचे. पण तयार पिशव्यांतही दहा तऱ्हा. कोणती चांगली, हे कशावरून ठरवायचे?

उत्तर मला मंदिरात सापडले. चातुर्मासाच्या निमित्ताने आमच्याकडे स्वाध्याय सुरू होता आणि विषय निघाला मुनींच्या पिंछीचा. मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची ती पिंछी. मूलाचारात तिचे पाच गुण सांगितले आहेत. ती धूळ धरत नाही, घाम धरत नाही, तिच्यात मार्दव आहे, सुकुमारता आहे आणि लघुता आहे, म्हणजे ती हलकी आहे. मी ऐकता ऐकता वहीच्या मागच्या पानावर हे पाच शब्द लिहिले आणि घरी येऊन तीच खरेदीची यादी केली. तुम्हाला हसू येईल, पण या पाच गुणांनी माझे काम जेवढे सोपे केले, तेवढे दुकानदारांच्या बोलण्याने केले नाही.

धूळ न धरणे. बाहेरचे कापड घट्ट विणीचे हवे. मखमल किंवा लव असलेले कापड दिसायला छान, पण मराठवाड्याच्या धुळीत महिनाभरात त्याचा रंग ओळखू येत नाही. जाड कॅनव्हास ओल्या फडक्याने पुसता येतो. पिशवीच्या आतल्या शिवणीत धूळ साठली की तिथे बारीक जीव होतात, मग झाडताना त्यांची विराधना होते. म्हणून आतल्या शिवणींवर पट्टी मारून घ्यावी.

घाम न धरणे. गादीचा स्पंज पाणी पितो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. वाळलेल्या भोपळ्याला आणि लाकडाला ओलीसारखा शत्रू नाही. त्यापेक्षा टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, हलका पॅकिंगचा फोम चांगला, तो पाणी शोषत नाही. आपल्याला सरकीचा कापूस आठवतो, कारण आपण कापसाच्या मुलखातल्या. पण पावसाळ्यात भिजलेली वाकळ किती जड होते, हेही आपल्यालाच ठाऊक.

मार्दव. इथे एक गंमत कळली. सगळीकडे सारखा फोम घालून उपयोग नाही. माझा एक भाचा जर्मनीत असतो, तो बर्फावर घसरायच्या स्की घेऊन आल्प्सकडे जातो. त्या साडेपाच फुटी पट्ट्यांसाठी त्याने अशीच फोमची पिशवी घेतली आहे. फोनवर म्हणाला, "मामी, मधल्या सपाट भागाला काही होत नाही. मार लागतो तो दोन टोकांना आणि जिथे बूट अडकवतात त्या जोडाला. तिथे फोम दुप्पट हवा. आणि उरलेल्या जागेत स्वेटर कोंबायचे, म्हणजे आत काही हलत नाही." तानपुऱ्याचेही तंतोतंत तसेच. त्याची नाजूक ठिकाणे तीन: भोपळ्याचा तळ, वरच्या बाहेर आलेल्या खुंट्या, आणि भोपळा व दांडी जिथे जोडतात तो गळा. तानपुरा आडवा ठेवला की भोपळा टेकतो, दांडी अधांतरी राहते आणि सगळा भार गळ्यावर येतो. म्हणून दांडीखाली लांबट लोड आणि भोपळ्याखाली चुंबळ हवी. होय, डोक्यावर घागर घेताना करतो तीच चुंबळ! जुन्या सुती साडीची केली, पिशवीच्या तळाशी टाचली. घागरीचा तळ आणि भोपळ्याचा तळ यांत फरक तो काय?

सुकुमारता. पिंछीचे पीस डोळ्याला लागले तरी खुपत नाही, असे सांगतात. गवसणीच्या आत हात फिरवून पाहावा. चेनचे दात, बक्कल, फोमची कड, काही खुपता कामा नये. चेनच्या आतून कापडाची झापड हवी, नाहीतर प्रत्येक वेळी पॉलिशवर ओरखडा. चेन वरच्या टोकापासून भोपळ्याच्या खालपर्यंत पूर्ण उघडणारी घ्यावी. अर्धवट चेन असली की वाद्य आत ढकलावे लागते. पूर्ण उघडली की बाळाला पाळण्यात ठेवावे तसे ठेवता येते.

लघुता. भरलेली पिशवी मुलीने स्वतः उचलून, दोन जिने चढून दाखवली पाहिजे. पाठीवर अडकवायला दोन रुंद पट्टे, आणि हातात धरायची मूठ पिशवीच्या मधोमध नको, गळ्याच्या जरा खाली हवी. तानपुऱ्याचा भार भोपळ्याकडे असतो. मूठ मधोमध असली की भोपळा खाली झुकतो आणि जमिनीला घासतो.

पिंछीच्या या पाच गुणांत मी आपला सहावा मिळवला, अहिंसा. तयार पिशव्यांच्या कोपऱ्यांना आणि पट्ट्यांना कधी कधी खरे कातडे असते. रेक्झिन आहे की कातडे, हे विचारून घ्यावे. अस्तर रेशमी नको. खुद्द वाद्याबद्दलही विचारायला संकोच करू नये. पूर्वी तारा ज्यावर टेकतात ती घोडी आणि सूर बारीक जुळवायचे मणी हाडाचे, शिंगाचे किंवा हस्तिदंताचे करत. जोडाला सरस वापरत, तोही प्राण्यांपासूनच होतो. आता लाकडाची किंवा कृत्रिम घोडी, काचेचे वा प्लास्टिकचे मणी मिळतात. मिरजेत आम्ही विचारले तेव्हा कारागीर चाचा म्हणाले, "जैन आहात ना? तुमची माणसं विचारतातच." आमच्या तानपुऱ्याची घोडी शिसवी आहे.

हे सगळे एका तयार पिशवीत मिळेना. मग वजिराबादेत गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या दुकानात गेले. त्यांच्याकडे फोम असतो, कॅनव्हास असतो, मोठी चेन असते आणि जाड शिवणीची मशीन असते. माप असे घेतले: तानपुरा चादरीवर आडवा ठेवला, खुंट्यांसकट लांबी घेतली, ती भरली ५० इंच. भोपळ्याचा घेर जिथे सर्वांत मोठा तिथे टेप गुंडाळली, ४० इंच. दांडीची रुंदी खुंट्यांच्या टोकांसह घेतली. मग चादरीवर पेन्सिलीने आकार काढला आणि ती चादरच दुकानात दिली. फोमची जाडी सोडून आत सगळीकडून एक बोट मोकळे. तुम्ही करायला दिलीत तर हे एक बोट विसरू नका.

अस्तरासाठी सासूबाईंनी स्वतःहून त्यांचे जुने सुती नऊवारी काढून दिले. वापरून वापरून सायीसारखे मऊ झालेले. "नवं कापड टोचतंय," म्हणाल्या. तिचे बाबा पंधरा दिवस गप्प होते. पिशवी घरी आली तेव्हा त्यांनी ती उचलून पाहिली, मूठ ओढून पाहिली, आणि रविवारी दुकानात परत नेऊन पट्ट्यांना दुहेरी शिवण मारून आणली. होकार द्यायची त्यांची हीच रीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी लेकीने तारांचा ताण थोडा उतरवला. प्रवासात ताण पूर्ण असला तर धक्क्याने गळ्यावर जोर येतो, आणि तारा अगदीच सैल सोडल्या तर नंतर सूर धरायला वेळ घेतात. खुंट्यांना मऊ फडके गुंडाळले. उरलेल्या जागेत भाच्याच्या सल्ल्याप्रमाणे तिच्या ओढण्या भरल्या. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर दीडशेच्या आसपास किलोमीटर. एसटीत आम्ही मागच्या बाजूची सीट घेतली, तानपुरा दोघींच्या मध्ये उभा, भोपळा पायांत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. कंडक्टरने विचारले, "मावशी, हे काय?" लेक म्हणाली, "जनानी तानपुरा." तो हसून म्हणाला, "जनानी? मग ह्याचंबी अर्धंच फाडायचं का?" आजूबाजूचे सगळे हसले. लगेजचे तिकीट फाडून तो पुढे गेला, आणि चाकूरला गर्दी चढली तेव्हा स्वतःच ओरडला, "ओ, बाजूनं! बाईंचा भोपळा हाय तिथं!"

मैत्रिणींनो, पिशवीच्या निमित्ताने माझ्या मनात एक शंका होती, ती तुमच्याही मनात आली असेल. आपण परिग्रह-परिमाण व्रत घेणाऱ्या. घरातली भांडी, साड्या मोजणाऱ्या. मग एका वस्तूसाठी आणखी एक वस्तू, तिच्यात चुंबळ, तिच्यात लोड, हा परिग्रहच नाही का? स्वाध्यायात मी हे विचारले. ताईंनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाकडे बोट दाखवले. तिथे परिग्रहाची ओळख वस्तूवरून नाही, मूर्च्छेवरून करून दिली आहे. वस्तूत जीव अडकला की परिग्रह. मुनींकडेही पिंछी, कमंडलू आणि शास्त्र असतेच, त्यांना उपकरण म्हणतात, कारण ती साधनेला उपयोगी पडतात. आपण गृहस्थ, आपली तुलना मुनींशी नाही. पण मोजपट्टी तीच घेता येते. कपाटात वर्षानुवर्षे पडलेला चांदीचा तबक परिग्रह असू शकतो, आणि रोज पहाटे पंधरा मिनिटे मन ठिकाणावर आणणारा तानपुरा उपकरण असू शकतो. ज्या दिवशी तो नुसता भिंतीशी उभा राहील, त्या दिवशी तोही परिग्रह. हे मी लेकीला सांगितले आहे. तिने मान डोलावली.

दुसरी गोष्ट आदान-निक्षेपण समितीची. पाच समित्यांतली ही चौथी. कोणतीही वस्तू पाहून, जपून उचलावी आणि पाहून, जपून ठेवावी. आपण पाठशाळेत हे पाठ केले, पण त्यातला अर्थ मला ती पिशवी हातात घेतल्यावर भिडला. फोम कितीही जाड असला तरी पिशवी धाडकन ठेवली तर भोपळा फुटणारच. वस्तू वाचवते ती ठेवणाऱ्या हाताची सवय. मुलगी घरी असते तोवर आपण मागून "हळू ठेव" म्हणतो. ती गेल्यावर कोण म्हणणार? म्हणून होस्टेलवर मी तिला तीन वेळा पिशवी उचलायला आणि ठेवायला लावली. आधी जागा पाहायची, मुंगी-किडा नाही ना बघायचे, मग भोपळा आधी टेकवायचा, मग दांडी. तिसऱ्या वेळी आवाज अजिबात झाला नाही.

काळजी घेण्याच्या दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. पावसाळ्यात वाद्य महिनोनमहिने गवसणीत बंद ठेवू नये, आठवड्यातून एकदा पिशवी उलटी करून वारा द्यावा. वाद्याला थेट ऊन लावू नये. आत डांबरगोळ्या टाकू नयेत, वाळवलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत ठेवावा. किडा मारण्यापेक्षा तो येऊच नये हे बरे. पालाही ठेवण्याआधी नीट पाहून घ्यावा.

लातूरहून रोज रात्री फोन येतो. अभ्यासाचे, डब्याचे, टेस्टच्या मार्कांचे बोलणे होते. मार्क कधी वर, कधी खाली. तानपुऱ्याचे मी मुद्दाम विचारत नाही. परवा तिनेच सांगितले, खोलीतली उदगीरची मैत्रीण म्हणाली, "तू गाऊ नको, नुसतं ते वाजव. मला झोपेतून उठायला बरं वाटतं."

तुमच्यापैकी किती जणींच्या माहेरी माळ्यावर पेटी, तानपुरा, सतार पडून असेल! लग्नात "नंतर नेऊ" म्हणून राहिलेली. त्याचे माप घ्या, गवसणी शिवा आणि घेऊन या. शिवताना काही अडले तर जरूर विचारा, माझ्याकडची मापाची चादर मी जपून ठेवली आहे.

जय जिनेंद्र.